जीनोम वाचला, पण वरची साखर कोण वाचणार?

साथरोगांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणांमध्ये सध्या एकच हवा आहे, सिक्वेन्सिंग. बॅक्टेरिया सापडला की त्याचा डीएनए काढायचा, मशीनमध्ये घालायचा, काही दिवसांत पूर्ण जीनोम हातात, मग वंशवृक्ष काढायचा आणि रिपोर्ट वर पाठवायचा. माझा याला अजिबात विरोध नाही, कोविडच्या काळात याच तंत्राने किती काम केलं ते सगळ्यांनी बघितलंय. पण कोविडचा व्हायरस आणि न्यूमोनिया, मेंदूज्वर, टायफॉइड, कॉलरा करणारे बॅक्टेरिया यांच्यात एक मोठा फरक आहे आणि तो पॉलिसी ठरवणाऱ्यांच्या डोक्यात अजून नीट उतरलेला दिसत नाही. व्हायरसचा स्पाइक हे प्रोटीन, त्याचा आराखडा सरळ जीनमध्ये लिहिलेला. या बॅक्टेरियांच्या बाबतीत मात्र आपल्या अँटिबॉडी जिथे जाऊन चिकटतात ते बाहेरचं आवरण बरेचदा शर्करेचं असतं, आणि शर्करेचा आराखडा जीनमध्ये असा अक्षराला अक्षर कुठेच लिहिलेला नसतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की लसीकरण आणि सर्व्हेलन्सवर जो सार्वजनिक पैसा जातो त्यातला एक ठरलेला वाटा बॅक्टेरियाच्या अंगावरची शर्करा प्रत्यक्ष तपासण्यावर खर्च झाला पाहिजे, तिच्यावरच्या बारीकसारीक केमिकल बदलांसकट, आणि ती माहिती सीरोटाइपच्या (म्हणजे अँटिबॉडी कुठल्या आवरणाला ओळखतात त्यावरून ठरलेल्या बॅक्टेरियाच्या प्रकाराच्या) शेजारी सगळ्यांना दिसेल अशी जाहीर झाली पाहिजे. हे ऐकून अनेक जण म्हणतात की हा केमिस्ट लोकांचा हट्ट आहे. तो हट्ट का नाही ते सांगतो.

आधी थोडी ओळख. बऱ्याच रोगकारक बॅक्टेरियांभोवती कॅप्सूल असते, म्हणजे शर्करेच्या रिंगा एकमेकींना जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्यांचं आवरण. ग्राम-निगेटिव्ह, म्हणजे बाहेरून आणखी एक पडदा असलेल्या, बॅक्टेरियांमध्ये याशिवाय लिपोपॉलिसॅकराइड असतं, ज्याचं बाहेरचं टोक म्हणजे ओ-अँटिजेन आणि पडद्यात रुतलेला भाग म्हणजे लिपिड ए. या साखळ्यांवर एन्झाइम छोटे छोटे ग्रुप लावतात, कुठे ॲसिटिल, कुठे मिथिल, कुठे पायरुवेट, कुठे फॉस्फोइथॅनोलमाइन, कुठे बाजूला एखादं जास्तीचं ग्लुकोज. ॲसिटिल ग्रुप म्हणजे सगळे मिळून सहा अणू, दोन कार्बन, तीन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. एवढ्याशा गोष्टीने काय फरक पडणार असं वाटणं साहजिक आहे. पण स्टॅफिलोकोकस ऑरियस आपल्या भिंतीतल्या शर्करेवर हाच ॲसिटिल लावतो आणि आपल्या अश्रूंमधलं, लाळेतलं लायसोझाइम, जे बॅक्टेरियाची भिंत कापायलाच बनलंय, ते तिथे निकामी होतं. सहा अणूंमध्ये हे होतंय.

आता लसींकडे येऊ, कारण पब्लिक हेल्थचा खरा पैसा तिथे आहे. टायफॉइडच्या बॅक्टेरियावर व्हीआय नावाची कॅप्सूल असते, एकाच प्रकारच्या शर्करेची साखळी, आणि तिच्या तिसऱ्या नंबरच्या कार्बनवर बऱ्याच ठिकाणी ॲसिटिल. हा ॲसिटिल अल्कलीने काढून टाकला तर साखळी तशीच राहते, लांबी तीच, शर्करा तीच, पण लस म्हणून तिचा उपयोग जवळजवळ संपतो, शरीर तिच्याविरुद्ध अँटिबॉडीच नीट बनवत नाही. म्हणूनच व्हीआय लसीत ॲसिटिल किती आहे हे मोजणं डब्ल्यूएचओच्या निकषांमध्ये आहे. (गंमत म्हणजे फळांमधलं पेक्टिन जवळपास त्याच जातीची साखळी आहे, आणि नव्वदच्या दशकात संशोधकांनी पेक्टिनवर ॲसिटिल लावून ते व्हीआयसारखं चालतं का हे करून बघितलं, तर अँटिबॉडी त्याला ओळखायला लागल्या. म्हणजे ओळखपत्र कशात होतं ते बघा.) नेपाळ आणि मलावीमधल्या मोठ्या ट्रायल्समध्ये टायफॉइडच्या कॉन्जुगेट लसीने, म्हणजे शर्करा प्रोटीनला जोडून बनवलेल्या लसीने, मुलांमध्ये सुमारे ८० टक्के संरक्षण दिलं, पाकिस्तानने २०१९ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या टायफॉइडच्या साथीत ती राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली. या सगळ्या यशाखाली तो तिसऱ्या कार्बनवरचा ॲसिटिल शाबूत राहणं ही अट आहे.

मेंदूज्वर करणाऱ्या मेनिंगोकोकसच्या ग्रुप ए चंही तसंच. आफ्रिकेतल्या मेनिंजायटिस बेल्टमध्ये, सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर केसेस आणि २५,००० मृत्यू नोंदले गेले. २०१० मध्ये बुर्किना फासोपासून ग्रुप ए ची कॉन्जुगेट लस द्यायला सुरुवात झाली आणि त्यानंतर ग्रुप ए तिथून जवळजवळ गायबच झाला, लसीकरणाच्या इतिहासात इतकं स्वच्छ यश फार कमी वेळा मिळालंय. ग्रुप ए च्या शर्करेवरचे ॲसिटिल काढले तर तिची लस म्हणून ताकद पार कोसळते हे प्रयोगांत आधीच दिसलं होतं, त्यामुळे उत्पादनात ते टिकवायला लागतात.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, सोपं आहे की, नियम करून टाका, ॲसिटिल टिकवा. तर तसंही नाही, आणि मला हा विषय आवडतो तो याच्यामुळेच. मेनिंगोकोकस ग्रुप सी घ्या. त्याच्या शर्करेवर पण ॲसिटिल असतात, पण काही स्ट्रेन (त्याच बॅक्टेरियाचे वेगवेगळे वाण) मुळातच त्यांच्याशिवाय फिरतात. ब्रिटनने १९९९ मध्ये ग्रुप सी ची कॉन्जुगेट लस जगात सगळ्यात आधी सुरू केली, तेव्हा वापरात आलेल्या लसींपैकी एकीत ॲसिटिल मुद्दाम काढून टाकलेले होते. आणि ती लस चालली, नुसती चालली नाही तर काही अभ्यासांत तिच्यामुळे बनलेल्या अँटिबॉडी बॅक्टेरिया मारायला जास्तच तयार निघाल्या. बॅक्टेरिया त्याच जातीचा, ग्रुप वेगळा, आणि उत्तर बरोब्बर उलटं. म्हणजे इथे सरसकट नियम नाही, प्रत्येक ठिकाणी जाऊन शर्करा बघावी लागते, आणि मुद्दाही तोच आहे, की बघणारी माणसं आणि बघायची सोय असायला लागते.

कॉलराबद्दल थोडक्यात. ओगावा आणि इनाबा हे कॉलराचे दोन सीरोटाइप पुस्तकात आपण वर्षानुवर्षं वाचतो, त्यांच्यातला फरक काय तर ओ-अँटिजेनच्या अगदी टोकाच्या शर्करेवर एक मिथिल ग्रुप. चार अणू. ओगावावर आहे, इनाबावर नाही. तेवढ्यासाठी तोंडावाटे द्यायच्या मारलेल्या बॅक्टेरियांच्या लसीत दोन्ही प्रकार घातले जातात. हगवण करणाऱ्या शिगेला फ्लेक्सनेरीचं तर आणखी भारी, सहावा प्रकार सोडला तर बाकीच्या सीरोटाइपची मूळ साखळी एकच, फरक फक्त वरच्या ग्लुकोज, ॲसिटिल वगैरेंचा, आणि ते लावणारे एन्झाइम बरेचदा बॅक्टेरियात शिरलेल्या फेजकडून, म्हणजे बॅक्टेरियांना लागण करणाऱ्या व्हायरसकडून, आलेले असतात. फेज आला, सीरोटाइप बदलला.

पण माझी खरी केस न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकसवर उभी आहे. याचे शंभरावर सीरोटाइप माहीत आहेत, लसीत त्यातले १३, १५, २० किंवा २१ प्रकार निवडून घालतात, त्यामुळे कुठला सीरोटाइप वाढतोय आणि कुठला घटतोय यावर सरकारांचे लस-खरेदीचे मोठे निर्णय ठरतात. हे वर्गीकरण १९०२ पासून क्वेलुंग नावाच्या पद्धतीने होत आलंय, ठरावीक अँटिबॉडी असलेलं सीरम टाकायचं आणि मायक्रोस्कोपखाली कॅप्सूल फुगलेली दिसते का ते बघायचं. आता २००७ साली काय झालं, तर ६ए म्हणून नोंदलेल्या स्ट्रेनमध्ये एक वेगळाच प्रकार लपलेला निघाला, त्याला ६सी नाव दिलं. साखळीतल्या एका गॅलॅक्टोजच्या जागी ग्लुकोज, म्हणजे एकाच कार्बनवरच्या ओएच ग्रुपची दिशा तेवढी उलटी. सीरमला फरक कळत नव्हता, आणि मग फ्रीजरमधले जुने नमुने पुन्हा तपासले तेव्हा तो कित्येक वर्षं आपल्यात होता हे लक्षात आलं.

मग २०१० मध्ये ११ई. हा ११ए मधून निघतो, फरक एकच, ॲसिटिल लावणारा डब्ल्यूसीजेई नावाचा जीन बिघडलेला. पण तो बिघाड प्रत्येक नमुन्यात वेगळा होता, एकात काही अक्षरं गळालेली, दुसऱ्यात मध्येच काही घुसलेलं, म्हणजे हा काही एका वंशातून पसरलेला स्ट्रेन नव्हता, वेगवेगळ्या पेशंटमध्ये स्वतंत्रपणे तीच घटना परत परत घडत होती. का घडत असेल? नंतर कळलं की आपल्या रक्तात फिकोलिन-२ नावाचं एक प्रोटीन असतं, ते ११ए च्या ॲसिटिललाच पकडतं आणि बॅक्टेरिया मारणारी कॉम्प्लिमेंट नावाची यंत्रणा सुरू करतं. ॲसिटिल फेकून दिला की पकडायला काही राहत नाही. हे वाचल्यावर मला तरी वाटतं की या ग्रुप्सना "सजावट" म्हणणं बंद केलं पाहिजे, बॅक्टेरियासाठी हा जगण्यामरण्याचा मामला आहे.

आणि १५बी, १५सी. इथे तर पॉलिसीवाल्यांनी बसून विचार करावा. १५बी वर ॲसिटिल आहे, १५सी वर नाही. ॲसिटिल लावणाऱ्या जीनमध्ये टीए-टीए-टीए अशी अक्षरांची जोडी ओळीने रिपीट होते, कॉपी करताना एक जोडी कमी-जास्त झाली की जीन बंद, पुन्हा बरोबर झाली की चालू. बॅक्टेरिया इकडून तिकडे उड्या मारू शकतो. अनेक रिपोर्टमध्ये म्हणूनच "१५बी/सी" असं एकत्र लिहून मोकळे होतात. आता कंपन्यांनी काय केलं बघा. २० प्रकारांच्या लसीत १५बी ॲसिटिलसकट आहे. अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या २१ प्रकारांच्या लसीत १५बी चे ॲसिटिल काढून टाकून घातलाय, म्हणजे बांधणी १५सी सारखी, दोन्हींवर चालावी या हिशेबाने. दोन मोठ्या कंपन्या, एकच शर्करा, आणि नेमक्या उलट्या दिशेचे निर्णय! यातलं कुठलं शहाणपणाचं ते आता लोकांमध्ये लस गेल्यावरच कळणार. पण कळणार कसं, जर सर्व्हेलन्सच्या रिपोर्टमध्ये दोघांना एकाच रकान्यात टाकलं असेल तर? निदान इथे तरी ॲसिटिल होता की नव्हता हे नोंदवणं हे चैनीचं काम नाही, लाखो डोसांचं ऑडिट आहे ते.

यावर सिक्वेन्सिंगवाले म्हणतात, अहो हे सगळं जीनमध्ये दिसतंच की, टीए किती वेळा आहे ते मोजा. काही अंशी खरं आहे. पण जीनोमवरून शर्करा सांगणं म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावरून इमारत कशी बांधली गेली ते सांगणं आहे. कोण कामावर होतं ते कळतं, पण कोणी किती काम केलं, कुठल्या मजल्यावर केलं, कोण नुसताच बसून होता, ते इमारत बघितल्याशिवाय कळत नाही. एन्झाइमचा जीन आहे म्हणजे शंभरातल्या किती रिंगांवर ॲसिटिल लागला हे कळत नाही, ते वातावरणावर, वाढीच्या टप्प्यावर, जीन किती चालू आहे यावर ठरतं. त्यात भर म्हणजे ॲसिटिल एका जागी लागला तरी शेजारच्या ओएच वर सरकू शकतो, मेनिंगोकोकसच्या शर्करांमध्ये हे दिसलेलं आहे. आणि ज्या एन्झाइमचं काम आपल्याला अजून माहीतच नाही त्याचा जीन समोर असून आपण त्याच्याकडे बघून पुढे जाणार. जिथे आधी केमिस्टने शर्करा उलगडून जीनशी जोडून दिलीय तिथेच सॉफ्टवेअर बरोबर उत्तर देतं, म्हणजे जीनोमवरून सीरोटाइप सांगणारे प्रोग्राम हे मुळात जुन्या केमिस्ट्रीच्या पुण्याईवर चाललेत, आणि ती पुण्याई आपण नव्याने जमवत नाही आहोत.

यात एक प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं, ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसचं. नवजात बाळांमध्ये रक्तातला जंतुसंसर्ग आणि मेंदूज्वर करणारा हा बॅक्टेरिया, त्याच्या कॅप्सूलमध्ये सायलिक ॲसिड असतं, जे आपल्या स्वतःच्या पेशींवरही असतं, म्हणजे तो आपलाच वेष घालून येतो. या कॅप्सूलची रचना कित्येक वर्षं पक्की झाली असं समजलं जात होतं, पेपर छापले गेले, लसीचे उमेदवार त्यावरून तयार झाले. आणि २००४ मध्ये लक्षात आलं की या सायलिक ॲसिडवर ॲसिटिल असतो, आणि तो आधी कोणाला दिसला नव्हता याचं कारण कॅप्सूल शुद्ध करताना अल्कली वापरायची पद्धत होती, आणि अल्कलीने ॲसिटिल उडून जातो. म्हणजे तपासायची पद्धतच पुरावा पुसत होती! हे कोणाच्या हलगर्जीपणामुळे झालं असं मी म्हणत नाही, ती त्या काळातली मान्य पद्धत होती. पण यातून सरळ प्रश्न येतो की आणखी किती बॅक्टेरियांची "माहीत असलेली" रचना अशीच धुऊन निघालेली आहे. हे ग्रुप नाजूक असतात, अल्कलीत उडतात, लस बनवताना प्रोटीनला जोडायच्या स्टेप्समध्ये कमी होऊ शकतात, साठवणुकीतही गळू शकतात. नाजूक आहेत म्हणून त्यांना मोजायचं सोडून द्यायचं हा उलटा न्याय झाला.

लसींच्या बाहेरही हे आहे. कोलिस्टिन हे चाळीसच्या दशकातलं औषध, किडनीला त्रास होतो म्हणून सत्तरच्या दशकात माणसांमध्ये त्याचा वापर खूप कमी झाला, आणि पुढे बाकीची अँटिबायोटिक्स हरायला लागल्यावर शेवटचा उपाय म्हणून परत काढलं. ते लिपिड ए च्या निगेटिव्ह चार्जला चिकटतं. बॅक्टेरियाने लिपिड ए मधल्या शर्करेच्या फॉस्फेटवर फॉस्फोइथॅनोलमाइन लावला की चार्ज कमी होतो आणि औषध घसरतं. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधून रिपोर्ट आला की हे काम करणारा एमसीआर-१ जीन प्लाझ्मिडवर (क्रोमोसोमबाहेरच्या डीएनएच्या छोट्या रिंगवर) बसून एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात उड्या मारतोय, डुकरांमध्येही आणि पेशंटमध्येही. २०१७ मध्ये चीनने जनावरांच्या खाद्यात वाढीसाठी कोलिस्टिन घालणं बंद केलं, भारताने २०१९ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आणली. शेतीचं धोरण बदललं ते शर्करेवरच्या एका केमिकल बदलामुळे. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर इथे जीन वाचूनच काम झालं, एमसीआर जीन शोधायला सोपा आहे, माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं हे उदाहरण आहे आणि ते मी लपवणार नाही. पण याच कोलिस्टिनच्या बाबतीत क्लेब्सिएला नावाच्या बॅक्टेरियामध्ये रेझिस्टन्स बरेचदा प्लाझ्मिडवरून येत नाही, स्वतःच्या क्रोमोसोममधल्या नियंत्रक जीन्सच्या नाना प्रकारच्या बिघाडांतून येतो, आणि त्यात प्रत्येक म्युटेशनचा अर्थ लावत बसण्यापेक्षा मास स्पेक्ट्रोमीटरवर लिपिड ए चं वजन वाढलंय का ते बघणं जास्त सरळ आहे. अशी मशीन्स बऱ्याच मोठ्या हॉस्पिटल लॅब्जमध्ये बॅक्टेरिया ओळखायला आधीपासूनच वापरात आहेत.

आता विरोधी मुद्द्यांमधला सगळ्यात वजनदार घेतो. लसवाले लोक म्हणतात, आम्हाला रचना कशाला, आम्ही अँटिबॉडी बॅक्टेरिया मारते का ते लॅबमध्ये तपासतो, मारते ना, मग ॲसिटिल असो नसो. हा मुद्दा चांगला आहे, मेनिंगोकोकस सी मध्ये याच टेस्टने खरं उत्तर दिलं. पण ही टेस्ट कुठल्या स्ट्रेनवर करतात? ठरवलेल्या रेफरन्स स्ट्रेनवर. तो लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवलेला, ओळखीचा. तुमचा रेफरन्स ११ए असेल आणि पेशंटच्या रक्तात ११ई असेल तर टेस्ट पास आणि पेशंट नापास. रेफरन्स स्ट्रेन बाहेर फिरणाऱ्या स्ट्रेनसारखा आहे का हे ठरवायला शेवटी शर्कराच बघावी लागते, म्हणजे ही टेस्ट रचनेला पर्याय नाही, तिला रचना लागतेच.

दुसरा मुद्दा खर्चाचा. एनएमआर, म्हणजे रेणूची रचना उलगडून दाखवणारं मशीन, महाग आहे, चालवायला शिकलेली माणसं लागतात, मिलिग्रॅममध्ये शुद्ध पॉलिसॅकराइड लागतं, हे सगळं मान्य. पण प्रत्येक नमुन्यावर एनएमआर करा असं कोणीच म्हणत नाहीये. ॲसिटिल मोजायची हेस्ट्रिनची रंगाची टेस्ट १९४९ सालची आहे, मुळात ॲसिटिलकोलीन मोजायला काढलेली, तिला हायड्रॉक्सिलामाइन, फेरिक क्लोराइड आणि साधा कलरीमीटर पुरतो. कुठल्या कार्बनवर आहे ते ती सांगत नाही, पण आहे की नाही, साधारण किती, एवढं सांगते. आणि ११ई पकडला गेला त्यात मोनोक्लोनल अँटिबॉडींचा, म्हणजे एकाच ठरावीक जागेला चिकटणाऱ्या लॅबमधल्या अँटिबॉडींचा, मोठा हात होता, त्या एकदा बनल्या की हजारो नमुने भराभर चाळता येतात. अडचण अशी की अशा अँटिबॉडी एखाद-दुसऱ्या लॅबच्या फ्रीजमध्ये असतात, सगळ्यांना मिळाव्यात म्हणून त्या बनवून वाटायचं काम कोणाच्या बजेटमध्ये बसत नाही. इथेच सार्वजनिक पैसा हवा, कारण यात कंपनीला नफा नाही आणि प्रोफेसरला पेपर नाही.

तिसरं म्हणणं असं की शर्करा सोडा, प्रोटीनच्या लसी बनवा. मेनिंगोकोकस बी मध्ये तसं करावं लागलंच, कारण त्याची शर्करा आपल्या चेतापेशींवरच्या शर्करेसारखीच आहे आणि शरीर तिच्याविरुद्ध उठत नाही. पण हिब (मुलांमध्ये मेंदूज्वर करणारा हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी), न्यूमोकोकस, टायफॉइड, मेनिंगोकोकस ए या सगळ्यांत मुलं वाचवणाऱ्या ज्या लसी आज खरोखर चालतात त्या शर्करेच्या आहेत, आणि प्रोटीनच्या न्यूमोकोकल लसीची वाट बघून बरीच वर्षं झाली. वाट बघू, पण तोपर्यंत हातात आहे त्याची देखभाल नको का करायला?

डेटाचंही बोलायला हवं. डीएनएचे आणि प्रोटीनचे सार्वजनिक डेटाबेस आज कोणी बंद करायचं म्हटलं तर जगभर बोंब होईल. शर्करांच्या बाबतीत हे झालेलं आहे, कार्बबँक नावाचा डेटाबेस नव्वदच्या दशकात फंडिंग संपलं म्हणून थांबला, आणि नंतर वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी आपापल्या परीने पुन्हा उभारणी केली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या रिपोर्टने स्पष्ट म्हटलं होतं की शर्कराविज्ञान मूठभर तज्ज्ञांपुरतं न राहता सगळ्या जीवशास्त्रात यायला हवं. सर्व्हेलन्सच्या रोजच्या कामात मला ते आलेलं दिसत नाही.

मग मागणी काय, तर मी एवढंच मागतोय. मोठ्या रेफरन्स लॅब्जना दरवर्षी नमुन्यांचा एक भाग, विशेषतः लस घेऊनही आजारी पडलेल्यांचे, शर्करेसाठी तपासायला पैसे द्या. रिपोर्टमध्ये सीरोटाइपच्या पुढे लिहा की ॲसिटिल तपासला की नुसता जीनवरून अंदाज केला, हा तर फुकटातला बदल आहे, एक रकाना वाढवायचाय. लसीला मान्यता देताना कंपनीने दिलेली माहिती, ॲसिटिल सुरुवातीला किती, मुदत संपताना किती, सरकारी पैशाने लस विकत घेत असाल तर ती उघड करायला लावा, कंपन्या गुपित गुपित म्हणून ओरडतील, ओरडू देत, शर्करेची रचना पेपरमध्ये छापलेलीच असते, लपवण्यासारखं त्यात काय आहे? आणि सगळ्यात आधी नमुने सांभाळा. सिक्वेन्स झाला म्हणजे काम झालं असं समजून जिवंत स्ट्रेन टाकून द्यायची सवय लागली तर पुढचा ६सी कधी सापडणारच नाही, कारण डीएनएच्या फाइलमधून कॅप्सूल परत काढता येत नाही. म्हणून सिक्वेन्सिंगची ग्रँट देतानाच अट घाला की स्ट्रेन उणे ८० डिग्रीला निदान काही वर्षं ठेवायचे आणि त्या फ्रीजरचं वीजबिल त्याच ग्रँटमधून भरायचं.